प्रुइटच्या दुकानातला आरसा

लुवेनिया पेटवेची टोपी पाहिल्याशिवाय आमच्या चर्चमध्ये ईस्टर सुरूच व्हायचा नाही. पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले तरी निम्म्या माना तिच्याकडे वळलेल्या. तीही काही कमी नव्हती. मुद्दाम पाच मिनिटं उशिरा यायची आणि मधल्या वाटेनं, कसलीच घाई नसल्यासारखी, पहिल्या बाकापर्यंत चालत जायची.

पण या टोप्या ती आणायची कशा, ते ऐका. गावात बायकांच्या टोप्यांचं दुकान एकच, प्रुइटचं. तिथं गोऱ्या बायकांनी दहा टोप्या घालून बघाव्यात, नाक मुरडावं आणि निघून जावं. आमच्या काळ्या बायकांनी मात्र लांबूनच बोट दाखवायचं, पैसे भरायचे आणि टोपी घरी जाऊनच डोक्यावर चढवायची. आमच्या केसांना लागलेली टोपी म्हणे पुन्हा विकली जात नाही. परत घेणं तर सोडाच. सैल निघाली तर आत वर्तमानपत्राच्या घड्या, घट्ट निघाली तर प्रवचनभर कपाळ ठणकणार. याच गोऱ्या बायकांच्या घरी आम्ही स्वयंपाक करायचो, त्यांची पोरं न्हाऊ घालायचो. आमचे हात चालायचे, डोक्याचा तेवढा विटाळ.

बासष्ट सालच्या मार्चमध्ये शाळेतली तरुण बाई, आर्डेलिया सिम्स, चर्चच्या बैठकीत उभी राहिली. "या ईस्टरला नवं काही घ्यायचं नाही. कपडा नाही, बूट नाही, टोपी नाही. दुकानात टोपी घालून बघू देत नाहीत आणि आपल्याला 'मिसेस' म्हणून हाक मारत नाहीत, तोवर प्रुइटची पायरी चढायची नाही."

सगळ्यांनी वळून लुवेनियाकडं पाहिलं. ती सगळ्यांत मोठ्यानं "कबूल" म्हणाली. आणि तिकडं तिच्या पलंगाखाली, फेब्रुवारीतच आणलेली पिवळी टोपी खोक्यात पडून होती.

"मी बंदीच्या आधी घेतलीय," घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "त्यात खोटं काय?"

तिचा नवरा ओथा न्हावी. दिवसभर दुकानात गप्पा ऐकून त्याची जीभही कात्रीसारखी झालेली. "खोटं काहीच नाही गं. फक्त टोपीवर तारीख चिकटवून जा. नाहीतर ती तिसऱ्या बाकावरची गेन्सबाई म्हणेल, लुवेनियानं घेतली, मग आम्हीच काय घोडं मारलंय? आणि सोमवारी अख्खं चर्च प्रुइटच्या दारात."

"तू गप्प बस."

तिचं मन मात्र काही गप्प बसेना. आठवडाभर त्या गोऱ्या लँगफर्डांच्या स्वयंपाकघरात डोक्याला फडकं बांधून राबायचं, "ए लुवेनिया" ऐकायचं, आणि रविवारचा तासभर तरी राणी. तिथल्या नोकरीच्या एकतीस वर्षांत तिनं स्वतःचं म्हणून मिरवलं ते एवढंच. आता तेही सोडायचं.

ईस्टरच्या सकाळी तिनं ती पिवळी टोपी घातली. दिसत होती झकास, खोटं कशाला बोलू. ओथा दारात उभा राहून घड्याळ बघत होता. टोपीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं टोपी उतरवली, खुंटीवरचं कामाचं फडकं ओढलं आणि डोक्याला आवळून गाठ मारली.

"हे बांधून चर्चला?" ओथा म्हणाला.

"का, लाज वाटते? मग तू मागच्या दारानं ये."

ती चर्चमध्ये शिरली ती नेहमीसारखीच पाच मिनिटं उशिरा. गाणाऱ्या पोरी मध्येच अडखळल्या. लुवेनियाची चाल मात्र तीच, बिनघाईची. ती तिसऱ्या बाकापाशी आली आणि गेन्सबाईनं, जिला एरवी लुवेनिया डोळ्यांसमोर नको असायची, आपली जुनी निळी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तिच्या शेजारणीनं काढली. मग मागच्या बाकावरच्यांनी. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. लुवेनिया पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि पोटभर रडली.

त्यानंतर प्रुइटकडं आमचं एकही माणूस फिरकलं नाही. काचेतल्या ईस्टरच्या टोप्या मे महिन्याच्या उन्हात विटून गेल्या. गोऱ्या गिऱ्हाइकांवर आपलं भागेल असं प्रुइटला वाटत होतं. शनिवारची गर्दी कोणाची होती, ते आता त्याला उमगलं. जूनमध्ये त्याचा निरोप आला, सगळं मान्य.

"पहिल्यांदा तुम्ही जायचं, पेटवेमावशी," आर्डेलिया म्हणाली.

लुवेनिया गेली. बाहेर फुटपाथवर पंधरा-वीस बायका जीव मुठीत धरून उभ्या. काउंटरवरची ग्रेडीबाई तिला वर्षानुवर्षं "काय पाहिजे गं" म्हणत आलेली. आज ती काउंटरमागून बाहेर आली. "या, मिसेस पेटवे," ती म्हणाली, आणि आरशासमोरची खुर्ची पुढं ओढली.

लुवेनिया बसली. पहिली टोपी तिनं हळूच डोक्यावर ठेवली. दुसरी चांगली दाबून बसवली. मग तिनं मान डावीकडं वळवून बघितली, उजवीकडं वळवून बघितली, हातातला छोटा आरसा मागून घेतला आणि मागची बाजूही बघितली. "ती वरची द्या. नाही, तिच्या मागची. जाळीवाली नाही का तुमच्याकडं?" ग्रेडीबाई शिडीवर चढत होती, उतरत होती. खोक्यांचा ढीग कमरेपर्यंत आला. तासाभरानं लुवेनिया उठली, झगा झटकला आणि पर्स उचलली.

"कुठली बांधू?" ग्रेडीबाईनं धापा टाकत विचारलं.

"एकही नको. मनात नाही भरली."

ग्रेडीबाई खोकी आवरायला लागली.

रिकाम्या हातानं लुवेनिया बाहेर आली तशा बायका तिच्याभोवती जमल्या. गेन्सबाई पुढं झाली. "काय गं, दिल्या नाहीत ना? मला वाटलंच होतं."

"दिल्या की. चौदा."

"मग घेतली कुठली?"

"घेते कशाला? नुसत्या घालून बघितल्या," लुवेनिया म्हणाली, आणि गेन्सबाईचा दंड धरून तिला दारातून आत ढकललं. "जा. तू वीस बघ."