सोळाव्या दिवशीची नोंद

संशोधन केंद्राच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लिव्हरच्या दुखण्यावर इथे सरकारी निधीतून नवं औषध निघालं होतं आणि त्याने म्हणे आजवर एकही पेशंट दगावला नव्हता. चौतीसपैकी चौतीस बरे! लोक प्रमुख डॉक्टरांच्या पाया पडत होते आणि डॉक्टर "अहो, हे विज्ञान आहे, विज्ञान," असं म्हणत पाय पुढे करत होते.

औषधाच्या खिडकीतल्या फार्मासिस्ट बाईंनी आपल्या मामांनाही मोठ्या विश्वासाने इथे आणलं. मामांच्या जुन्या गोळ्याही बाईंनीच बंद करायला लावल्या. अकरा दिवसांत मामा हळदीसारखे पिवळे पडले, पोट फुगलं. बाराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "यांना घरी न्या."

"पण यांना काय झालं ते लिहाल ना?"

"कुठे लिहू? पहिले पंधरा दिवस निरीक्षणाचे. रजिस्टरात नाव चढतं सोळाव्या दिवशी. इथली पद्धतच आहे ती."

बाई तडक आपल्या खिडकीत परतल्या. औषध तर पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातून जात होतं! त्यांनी खिडकीतल्या चिठ्ठ्या काढल्या. औषध नेणारे एकसष्ट, रजिस्टरात चौतीस. सध्या निरीक्षणात असलेले सहा सोडले, तरी एकवीस माणसं गायब. बाईंनी घरोघरी फोन लावले. त्यातली चौदा माणसं आता या जगात नव्हती.

दुसऱ्या दिवशी निधी खात्याचे अधिकारी आले आणि केंद्रात पेशंट-नातेवाइकांसमोर सभा भरली. आणखी तीन केंद्रांना मंजुरी जाहीर व्हायची होती. "आमच्या केंद्रात मृत्यूला प्रवेश नाही!" डॉक्टर गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाई उठल्या. "मृत्यूला नाही साहेब, मरणाऱ्याला प्रवेश नाही." मग चिठ्ठ्या टेबलावर ठेवून त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. "नापास होणाऱ्या पोरांना शाळेने परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर निकाल शंभर टक्के लागणारच. यात मास्तरांची कसली करामत?"

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. अधिकारी मात्र पुटपुटले, "निधीची अटच आहे, नव्वद टक्के यश दाखवा, नाहीतर पुढचा हप्ता बंद. ते तरी बिचारे काय करणार?"

"अपयश लिहील त्याचा निधी तोडणार, मग खरं लिहिणार कोण?" बाईंचा आवाज चिरकला.

मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बसा हो! आमच्या आशेवर पाणी ओतू नका!" आणि त्या माणसाला टाळ्या पडल्या.

बाईंनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि पस्तिसाव्या ओळीत मामांचं नाव घातलं, औषध सुरू झाल्याच्या खऱ्या तारखेसह. चौदाव्या दिवशी मामा गेले. तेही त्यांनीच येऊन लिहिलं.

बाहेर रांग तेवढीच लांब होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "बरे किती झाले, एवढंच विचारू नका. औषध किती जणांना दिलं आणि मोजायला कधी सुरुवात केली, तेही विचारा. देव असो की डॉक्टर, विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. माझे मामा विचारणार होते हो. मीच त्यांना गप्प केलं, म्हटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांना काय विचारायचं!"