चपट्या बाटलीतली कोरडी वाईन

मी एक जुनी, कोरडी पांढरी वाईन आहे. हसू नका, मित्रांनो! अंगभर ओली असून मला कोरडी म्हणतात, याचं लहानपणी मलाही नवल वाटायचं. पिंपात असताना यीस्टने माझी सगळी गोडी फस्त केली, म्हणून हे नाव. एरवी मी सिल्व्हानर जातीच्या द्राक्षांची. जर्मनीत माइन नदीकाठच्या चढावर, बुर्कार्ड म्हाताऱ्याच्या मळ्यात माझा जन्म झाला. तिथले वेल त्याच्या बायकोने, ओटिलीने, लग्नाच्या वर्षी लावले होते. ती आता नाही. वेल आहेत.

आमच्या गावात वाईन गोल पोटाच्या चपट्या बाटलीत भरतात. उतारावर आडवी ठेवली तरी ती जागची हलत नाही. तशी मी तळघरात वर्षानुवर्षं पडून राहिले. माझ्या बहिणींना चांगले दिवस येत. नदीतली चिमुकली तळलेली मासळी, कांद्याच्या आंबट रश्श्यातले सॉसेज यांच्या पंगतीला त्या मानाने बसत. मात्र एका नाताळात कुणीतरी एकीला मधाच्या केकसोबत उघडलं आणि त्या गोडापुढे बिचारीचं तोंडच उतरलं. चव बघायला येणारी शहरातली माणसं तर रिकाम्या तोंडी एक घोट घेत आणि "आंबट आहे हो!" म्हणून वाटेला लागत.

शेवटी बुर्कार्डचा मुलगा लॉरेन्झ कंटाळला. एकदा तळघरातच तो म्हणाला, "बाबा, लोकांना हल्ली गोडसर, सुवासिक हवं असतं. या सुगीनंतर आईचे वेल उपटू आणि नवे लावू."

"मळा तुझा आहे, लेका," बुर्कार्ड म्हणाला आणि हातातली टोपी फिरवत बसला.

वाईनचं पाणी होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग जूनमधला संत जॉनचा दिवस आला. त्यानंतर आमच्याकडे पांढऱ्या शतावरीचे कोंब कुणी कापत नाही, म्हणून त्या दुपारी घरोघरी शेवटची मेजवानी असते. लॉरेन्झची नवी बायको वीबके, हॅम्बुर्गकडची, सकाळपासून कोंब सोलत बसली होती. लॉरेन्झने लावायच्या नव्या जातीच्या सुवासिक वाईनची नमुन्याची बाटली आणली होती, साधी गोल. म्हाताऱ्याने सोबत मलाही वर आणलं. आम्हा दोघींना गार करायला तो अंगणातल्या झऱ्यापाशी गेला आणि उतरत्या ओल्या दगडावर त्याने आम्हाला आडवं ठेवलं. मी गुमान पडून राहिले. ती गोल बया मात्र जी सुटली, ती थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन फुटली!

"बाबा! गोल बाटली आडवी ठेवतात का कुणी?"

"जन्मभर चपट्याच ठेवल्या रे. हाताची सवय," बुर्कार्ड म्हणाला. चेहरा अगदी गरीब गाईचा.

झालं! टेबलावर मी एकटीच उरले. ताटात वाफाळते कोंब, वर वितळलेलं लोणी, शेजारी नवे बटाटे आणि हॅमचे काप. लॉरेन्झने नाराजीनेच एक घास खाल्ला आणि माझा घोट घेतला. मग थांबला. पुन्हा एक घास, पुन्हा घोट. मी लोण्याला हलकं केलं, कोंबांनी माझा आंबटपणा पोटात घातला. किती आनंद झाला म्हणून सांगू!

बुर्कार्डने पेला खाली ठेवला. "जमतंय," तो म्हणाला.

वीबके फुरंगटली. "सोलून सोलून माझी बोटं दुखली, आणि नुसतं जमतंय?"

लॉरेन्झला हसू आवरेना. "अगं, आमच्याकडे याच्या वरचा शब्दच नाही! तुला पहिल्यांदा बघून बाबा एवढंच म्हणाले होते."

"आणि तुझ्या आईला बघून माझे बाबा," बुर्कार्ड हळूच म्हणाला.

लॉरेन्झने चढावरच्या वेलांकडे पाहिलं. "राहू देत ते, बाबा. चूक माझीच. इतकी वर्षं आपण हिला ताटाशिवाय लोकांपुढे उभी करत होतो."

मित्रांनो, तेवढंच माझं मागणं आहे. मला रिकाम्या तोंडी जोखू नका. आधी घास वाढा, मग न्याय करा.

माझे आता शेवटचे काही थेंब उरले आहेत, ते वीबकेच्या पेल्यात. तिने ते संपवले, ओठ पुसले आणि सासऱ्याकडे बघून त्याच्याच थाटात म्हणाली,

"जमतंय."