शिडं उतरवा

होबार्ट बंदरातल्या कॅप्टन एफ्राइम टॉलरनं जहाज सोडून देवमाशाच्या तेलाचं दुकान टाकलं, पण आवाज काही जमिनीवर उतरला नाही. तो दुकानात शिंकला की पलीकडच्या बेटावरच्या मेंढ्या उठून उभ्या राहायच्या.

आता त्याला गावच्या कौन्सिलात निवडून जायचं होतं. मतं भर चौकात, हात वर करून द्यायची. विरोधात होता क्रम्प खाटीक. टॉलर निर्धास्त होता, कारण अर्धी गर्दी त्याच्याच जहाजावरचे जुने खलाशी.

"टॉलरसाठी हात वर," मंचावरून अधिकारी म्हणाला. बघावं तिकडं हातच हात. तो मोजायला लागला, तेवढ्यात वारा फिरला आणि मंचावर दोरांनी ताणलेलं छताचं कापड टम्म फुगलं.

"शिडं उतरवा," टॉलर गरजला. सवयच ती.

सगळे हात खाली आले आणि दोरांना भिडले. पापणी लवायच्या आत कापड उतरलं, घडी घालून बांधूनही झालं.

अधिकाऱ्यानं बघितलं, तर टॉलरसाठी एकही हात वर नाही. क्रम्प निवडून आला.

घरी जाताना बायको केझाया म्हणाली, "अहो, घटकाभर गप्प बसला असतात तर?"

"कापड फाटलं असतं."

"क्रम्पचं होतं ते."

टॉलर म्हणाला, "पण घडी बघितलीस ना, कशी घातली पोरांनी?"