कापलेल्या पट्ट्यांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण बैठकीत पाहुण्यांखाली करकरणारी नव्हे. मी गाडीतली, लहान लेकरांना पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची. आज अंगणाच्या कोपऱ्यात पडले आहे म्हणून मला कमी लेखू नका.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, जाड पट्टे ओवले, वर मऊ अस्तर चढवलं. या घरात चिऊ जन्मली आणि तिच्या आईने मला मागच्या सीटवर घट्ट बसवलं.

आजीला मी सवतीसारखी वाटले. "माझी मांडी काय झिजली? पोरीला चोरासारखी बांधता!" असं ती म्हणायची. चिऊही भोकाड पसरायची. आई मात्र बधायची नाही. "रडू दे. पट्टा लागल्याशिवाय गाडी हलणार नाही."

एका दुपारी वळणावर समोरून टेम्पो आला आणि गाडी धडकली. चिऊ पुढे फेकली गेली, पण मी तिला अंगातला सगळा जोर लावून धरलं. तिच्या खांद्यांवर नुसते लाल वळ उठले. तिच्या शेजारी बसलेल्या आजीने पट्टा लावला नव्हता. ज्या हातांत ती चिऊला धरणार होती, त्यांतला एक मोडला.

मग माझं कौतुक काय विचारता! हात बरा झाल्यावर आजी स्वतः मला पुसायची. "गुणाची आहे ही. धाकट्या सुनेच्या बाळाला हीच द्यायची, नवी कशाला?" ऐकून मी फुगायचे आणि आतून धसकायचेही. त्या धडकेत अस्तराखाली माझी पाठ तडकली होती. ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

धाकटीचं बाळ दवाखान्यातून घरी यायचं होतं. चिऊच्या आईने अस्तर धुवायला काढलं आणि तिचा हात थबकला.

"आई, इथे बोट लावून बघा."

"एवढीशी तर रेघ! चिकटवून टाक."

"चिकटवून नाही चालायचं. पुन्हा धक्का बसला तर ही बाळाला धरणार नाही."

आजीने माझ्या पाठीवरचा तडा बोटाने चाचपला. मग म्हणाली, "कात्री आण."

"कात्री कशाला?"

"अगं, अशीच टाकलीस तर कुणीतरी उचलून नेईल आणि आपलं लेकरू हिच्यात बसवेल. नेणाऱ्याला काय ठाऊक?"

तिने माझे पट्टे एकेक करून कापले. त्या धडकेनंतर मी पहिल्यांदा निर्धास्त झाले.

संध्याकाळी गाडी दाराशी थांबली. बाळ नव्या खुर्चीत झोपलं होतं. त्याच्या शेजारच्या सीटवरून आजीचा आवाज आला, "अरे, बाळाचं कौतुक नंतर करा! आधी मला या पट्ट्यातून सोडवा!"

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. धडक सोसलेल्या खुर्चीची माया धरू नका, तिचे पट्टे कापा. पण धडधाकट खुर्चीत लेकराला रोज बांधा, आणि स्वतःचाही पट्टा लावा. लेकरू रडलं तर रडू द्या. माझ्यात बसून रडलेली चिऊ आज माझ्यासमोर अंगणभर पळते आहे.