लिंबावरून गेलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण रस्त्यावरची नव्हे. ओंजळीत मावेन एवढीच. जयनगरच्या या छोट्या मोटारींच्या हौशी मंडळात, काचेच्या कपाटात तुम्ही मला पाहता आणि खेळणं म्हणता. म्हणा बापडे. पण माझ्या पोटात रेडिओ आहे आणि वीस पावलांवरून कळ दाबली की मी वळत असे. सदुसष्ट साली असं खेळणं बंगळुरात किती घरांत होतं, ते सांगा पाहू.

माझं अंग बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं. टायर हवाई चपलेच्या रबराचे. दातेरी चाकं अलार्मच्या मोडक्या घड्याळातली. मंडळातल्या बड्या लोकांकडे परदेशी मोटारी होत्या. माझ्यासारख्या घरी बनवलेल्या, स्वस्तातल्या मोटारींसाठी नवशिक्यांची वेगळी शर्यत असे.

मला बनवलं नीरजानं. ती रेडिओच्या कारखान्यात तारांचे सांधे जोडायची. तिचे वडील शेषगिरीराव, म्हणजे अण्णा, चिकपेटेत घड्याळं दुरुस्त करायचे. नीरजाची आई वारलेली. घरात हे दोघंच.

नीरजाला मद्रासला जाऊन दोन वर्षांचं रेडिओचं शिक्षण घ्यायचं होतं. कारखान्यानं नाव पाठवल्याशिवाय ते जमणार नव्हतं, आणि बाईमाणसाला अख्खा रेडिओ बांधता येतो हे वरचे साहेब मानायला तयार नव्हते. तिचे अधिकारी भीमसेनराव याच मंडळाचे चिटणीस. ते म्हणाले, "दसऱ्याच्या शर्यतीला साहेब येणार आहेत. तुझी गाडी त्यांच्यासमोर दहा फेऱ्या नीट फिरू दे. नाव मी पाठवतो."

हे ऐकून अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "मद्रासला आपलं कोण आहे ग?" मग मात्र डोळ्याला भिंग लावून ते माझी चाकं घासायला बसले.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. जयनगरात तेव्हा नव्या डांबरी रस्त्यांवर घरं कमी आणि मोकळी जागा फार. रविवारी आम्ही तिथे जात असू. पहिल्या दिवशी मी अशी सुसाट सुटले की थेट गटारात. नीरजाला वेग हवा होता. अण्णा म्हणाले, "स्वल्प दमानं घे. आधी सरळ जाऊ दे तिला." त्यांनी माझं दातेरी चाक बदलून मला हळू केलं. बॅटरी मागे सरकवली, तशी माझी शेपूट घसरायची थांबली. पुढची चाकं केसभर आत वळवली, तशी मी नाकासमोर चालू लागले. कळ दाबली की उजवीकडे, सोडली की सरळ, पुन्हा दाबली की डावीकडे, असं माझं वळणं. नीरजाच्या अंगठ्याला ते चांगलं साधलं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी दहाच काय, चौदा फेऱ्या न चुकता मारल्या. मला गर्व झाला, हे कबूल करते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या गावात हत्यारं, यंत्रं, गाड्या सगळ्यांची पूजा होते आणि दसऱ्याला देवाची आरती होईपर्यंत त्यांना कोणी कामाला लावत नाही. नीरजा शेजारच्या सत्यवतीअक्कांकडे दसऱ्यानिमित्त मांडलेल्या बाहुल्या पाहायला गेली होती. अण्णांनी आपले चिमटे, भिंगं, पेचकस पाटावर मांडले आणि मधोमध मला ठेवलं. पाणी शिंपडलं नाही. गंध बोटाच्या टोकानं, तेही टपावर. एवढं जपलं त्यांनी मला.

पण गाडीची पूजा म्हटली की चाकाखाली लिंबू हवंच. बाजार पालथा घालून त्यांनी सुपारीएवढी चार लिंबं आणली होती. माझ्या हलक्या अंगानं ती चिरडेनात. तेव्हा त्यांनी मला वरून तळहातानं दाबलं आणि पुढे ढकललं. लिंबं फुटली. एक चिळकांडी माझ्या पोटाच्या भोकातून आत गेली. अण्णांना ते दिसलं नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं चाकं कोरडी केली, हात जोडले आणि म्हणाले, "देवा, पोरीला मद्रासला जाऊ दे. माझ्या जेवणाचं मी बघीन."

रस सुकून चिकट झाला. दसऱ्याला आरती उरकून आम्ही कशीबशी बस गाठली, मला चालवून पाहायला वेळ उरला नाही. मंडळाच्या सिमेंटच्या मैदानात मी दोन फेऱ्या सुरेख मारल्या. तिसऱ्या फेरीला उजवीकडे वळले आणि आतला वळवायचा खटका तिथेच चिकटला. नीरजा कळ दाबत राहिली. मी उजवीकडेच वळत वळत जाऊन साहेबांच्या खुर्चीच्या पायावर आदळले. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळात पाहिलं.

घरी येऊन नीरजानं माझं पोट उघडलं. आत वाळलेला लिंबाचा गर होता.

"अण्णा, हे काय?"

"पूजा केली होती ग. लिंबू ठेवलं होतं."

"घड्याळ उघडलंत की श्वाससुद्धा रोखून धरता तुम्ही. आणि हिच्यावर लिंबू पिळलंत?"

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. मी मद्रासला जायला नको होतं तुम्हाला."

अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, देवाला काय मागितलं ते आता सांगतील. पण ते थबकले. आपल्या मनात खरंच तसं काही होतं का, हे तो प्रामाणिक माणूस शोधू लागला असावा, कारण तिनं जाऊ नये असंही त्यांना वाटत होतंच. नीरजा थांबली नाही. आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं अण्णा त्या दाराकडे पाहून "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले.

महिनाभरात ती कारखान्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. सणाला यायची, जेवायची, जायची. मद्रासचं नाव पुन्हा निघालं नाही. अण्णांनी माझा खटका पेट्रोलनं धुतला आणि मला कपाटात ठेवलं. मला चालवायची कळ असलेला डबा तिच्यापाशी होता, त्यामुळे मी बरी झाले की नाही हे त्यांना कधी कळलं नाही.

अडुसष्टच्या डिसेंबरात अण्णा दुकानात बसल्या बसल्या गेले. तेराव्यानंतर नीरजानं कपाट उघडलं. मला जमिनीवर ठेवलं, नवी बॅटरी घातली आणि कळ दाबली. मी उजवीकडे वळले. सोडली, सरळ झाले. पुन्हा दाबली, डावीकडे वळले. तिनं मला उचलून विचारलं, "मुद्दाम केलं होतं का ग त्यांनी?" मित्रांनो, मी सगळं ऐकलं होतं, सगळं पाहिलं होतं. पण मला वळण्यापलीकडे काही येत नाही. ती मला छातीशी धरून रडली आणि दुसऱ्या दिवशी इथे देऊन गेली. पुन्हा आली नाही.

माझ्यावरची धूळ पुसा किंवा नका पुसू, माझं काही म्हणणं नाही. पण घरच्या माणसावर कधी रागावलात, तर त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहा. काही माणसांना खरं बोलायला वेळ लागतो. नीरजा थोडी आणखी थांबली असती, तर अण्णांना शब्द सापडले असते.