चुन्याचे चार हात

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या साली थेंबमास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि ते सगळ्यांत आधी कळलं त्यांच्या बायकोला. बशीत कप किणकिणला. त्यांनी तो घाईनं खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा फार कढत केलास." चहा कोमटच होता.

थेंबमास्तर हे नाव गल्लीनं ठेवलेलं. ते नळाची कामं करत, आणि शेवटचा थेंब थांबेपर्यंत कुणाच्या घरातून हलत नसत. बायकोला सगळेच वहिनी म्हणत. घरात तिसरं माणूस म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, वहिनीच्या वन्सं. त्या कपडे शिवायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "अख्ख्या गल्लीची मापं काढून झाली. एकही माझ्या मापात बसला नाही."

वन्संच्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं. त्यात खाकी कागदावर कापलेले नमुने असत. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा, वर नाव घातलेला, नाडीनं बांधलेला. तीस वर्षांत माणूस सुटलं तसा कागदाला पट्टी चिकटली, वाकलं तशी पाठ नव्यानं कापली गेली. वहीत त्या मापं लिहीत नसत. "आकड्यात माणूस सापडत नाही," म्हणायच्या. वरचे कप्पे येत्याजात्या गिऱ्हाइकांचे. सगळ्यांत खालचा जे आता या जगात नव्हते त्यांचा. तो त्या क्वचितच उघडत, पण कागद एकही टाकला नव्हता.

कपाटाच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. त्या वर्षी मास्तरांनी त्याच भिंतीतून नवा पाइप नेला. पूर्वी अर्ध्या दिवसात उरकलं असतं, त्या कामाला दोन दिवस लागले. वहिनी दिवा धरून उभी होती. जोडातून पाणी गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळताना तो तीनदा त्यांच्या बोटांतून सुटला. चौथ्यांदा त्यांनी कसाबसा गुंडाळला, पान्ह्यानं जोड आवळला आणि वरून गिलावा केला. जेवताना म्हणाले, "ज्या दिवशी माझा जोड गळेल, त्या दिवशी पान्हा खुंटीला टांगेन."

वहिनीला तिचे वडील आठवले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. नजर गेली, काम सुटलं, आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. त्या खुर्चीतून ते उठले नाहीत. वर्षही काढलं नाही.

तीन महिन्यांनी पिठाचा डबा सरकवताना तिच्या पायाला गार लागलं. भिंतीच्या तळाशी हातभर ओल होती. तिनं तळवा टेकला, आणि तशीच बसून राहिली. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर भिंत फोडावी लागणार, आणि स्वतःच्या घरची फुटलेली भिंत मास्तरांना दिसणार नाही असं कसं होईल?

मग तिनं आपलं आपण ठरवलं. मास्तर कामावर निघाले की ती नळाचा मुख्य कॉक बंद करी आणि बादल्यांतलं पाणी वापरी. जुन्या चादरीचा तुकडा भिंतीला लावून त्यावरून गरम इस्त्री फिरवी. ते यायच्या आत कॉक पुन्हा उघडा. पोपडे सुटले की खरवडून चुन्याचा हात मारी आणि पुढे डबा सरकवी. संध्याकाळी मास्तर त्याच डब्याला टेकून बसत आणि दिवसभरात कुणाचं न्हाणीघर कसं दुरुस्त केलं ते सांगत. ती मान डोलावी. चाललंय ना, एवढंच तिला पुरे होतं.

पाणी मात्र कुठेतरी जाणारच. इकडे ती सुकवत होती, तिकडे ते पलीकडे झिरपत होतं.

एकदा वन्सं दारात आल्या. "वहिनी, माझ्या खोलीत कुबट वास येतोय हो."

"तुमच्या खळीचा असेल," वहिनी मान वर न करता म्हणाली. "आठवड्याची खळ वाटीत ठेवता. एक दिवस तिला पाय फुटतील."

"फुटू देत, कामाला लावीन," असं म्हणून वन्सं हसत गेल्या. वहिनीनं त्यानंतर कितीतरी वेळ हातातला चमचा तसाच धरून ठेवला होता. वास कसला, हे तिला त्या क्षणी समजलं होतं. ती उठून सांगू शकली असती. नाही उठली.

पाइप बसल्याच्या अकराव्या महिन्यात एक बाई वन्संकडे आली. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. "आईचा निळा झगा तुम्ही शिवायचात," ती म्हणाली. "तसाच मला हवाय. माझी अंगलट अगदी तिचीच आहे म्हणतात."

"म्हणतात कशाला, कागदच सांगेल," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी खालचा कप्पा ओढला.

तो फुगून बसला होता. जोर लावल्यावर निघाला. आत कागद नव्हते. काळ्या बुरशीनं लडबडलेला ओला लगदा होता, त्यात नाड्यांची टोकं तेवढी दिसत होती. वन्संनी एक गठ्ठा उचलला, तो त्यांच्या बोटांमधून गळून पडला. बाई म्हणाली, "राहू द्या, मावशी." वन्सं तिला बसा म्हणायलाही विसरल्या.

मास्तर आले. त्यांनी भिंतीला पालथा हात लावला आणि गवंड्याला बोलावणं धाडलं. गवंड्यानं स्वयंपाकघराच्या बाजूनं छिन्नी लावली. पहिला टवका पडताच तो थांबला.

"वहिनी, इथं रंगकाम कधी केलंत? चुन्याचे चार हात आहेत, आणि चारही नवे. कुणीतरी ओल झाकत होतं."

"तू फोड," मास्तर म्हणाले.

जोड उघडा पडला. ताग एका बाजूला गोळा झालेला, दुसऱ्या बाजूचे आटे उघडे. मास्तरांनी गुडघ्यावर बसून उघड्या आट्यांवरून बोट फिरवलं. मग वहिनीकडे न बघता त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

"आठ महिने."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पान्हा टांगला असतात."

"टांगला असता," ते म्हणाले. "त्यानं काय झालं असतं?"

वन्सं दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे. "मी तुम्हाला विचारलं होतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "वास येतोय म्हणून." आवाज चढला नाही. त्या वळून आपल्या खोलीत गेल्या.

मास्तरांनी त्या दिवशी पान्हा खुंटीला टांगला. मात्र खुर्ची भिंतीकडे वळवून ते बसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून ते बहिणीच्या टेबलाशी जाऊन बसू लागले. ती कागद कापे, ते कडा दाबून धरत. कागदावर टेकला की त्यांचा हात थरथरत नसे. असे ते नऊ वर्षं जगले, आणि बरेचसे दिवस हसतखेळत. वहिनी चहा घेऊन जाई आणि ते दोन हात कागदावर शेजारी शेजारी बघे. ज्या गोष्टीला ती एवढी भ्याली होती, ती कधी झालीच नाही.

त्या बाईनं एका फोटोवरून निळा झगा शिवून घेतला. खांदे जमले नाहीत. तरी वापरला म्हणे.

गवंड्यानं भिंत पक्की केली. ती पुन्हा ओलावली नाही.

वन्संनी पुढे पंधरा वर्षं शिवलं. वरच्या कप्प्यांतल्या कागदांनाही कुबट वास लागला होता, ते हयात माणसांचे म्हणून पुन्हा कापले, गेलेल्यांचे गेले ते गेलेच. वहिनीचे कपडेही त्याच शिवत राहिल्या. त्यात कधी खंड पडला नाही की टाका वाकडा गेला नाही. फक्त दर वेळी टेप घेऊन येत आणि म्हणत, "उभ्या राहा, वहिनी." नव्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं खांद्यापासून माप घेत आणि कागद न कापता तिथल्या तिथे कापडच कापत. वहिनी हात पसरून उभी राही. दोघी त्या वेळी हवापाण्याचं बोलत.

वन्सं गेल्यावर कपाट वहिनीनंच आवरलं. गठ्ठे एकेक करून ज्याच्या त्याच्या घरी पोचवले. मास्तरांचाही एक सापडला, सदऱ्याचा, कॉलरीला नवी पट्टी लावलेला. तो तिनं ठेवून घेतला. स्वतःच्या नावाचा तिनं शोधला नाही. शेवटचा कप्पा पुसून कोरडा केला आणि उन्हात उघडा ठेवला.