मरून दोऱ्याची गाठ

मी गाडी मागे घ्यायला लागले की कुठून तरी एक पुरुष उगवतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण मी रिव्हर्स टाकायचा अवकाश, हा हजर. हवेत पंजे हलवत "येऊ द्या, येऊ द्या" सुरू. एकदा मी काच खाली करून विचारलं होतं, तुमची गाडी कुठली? तर म्हणे, मला चालवता येत नाही. हा माणूस मला शिकवत होता.

एकोणीस वर्षं मी गाडी चालवतेय. आता वय सहासष्ट. पडदे शिवणं हा माझा धंदा, आणि पडदे काही पिशवीत मावत नाहीत. अस्तराचे पडदे, खाली वजनाची पट्टी, वर दांडे, रिंगांची खोकी आणि एक शिडी. हे सगळं गाडीत घालायचं, गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, शिडीवर चढून लावायचं आणि परत यायचं. गाडी गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की मी दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघणार. मला ते जमायचं नाही.

गाडी म्हणाल तर तिलाही वय झालंय. घरचे तिला ट्रंक म्हणतात. माझ्या बाजूची काच खाली जाते, पण वर येताना तिला दोन्ही तळहातांनी उचलावं लागतं. मागचं दार आतून उघडत नाही. तेल बदला, टायर बदला, विमा भरा, धुराची चाचणी करा, आणि एवढं करून उतरावं तर शेजाऱ्याची दुचाकी नेमकी माझ्या फाटकासमोर. मी वैतागते, शिव्या देते, पण ती माझी आहे. चुकून कुणी दुसरा तिच्यात बसला तर सीट मागे सरकवून ठेवतो आणि मला दोन दिवस राग येतो.

आता मुद्द्याचं. गाडी लावली की मी तिच्याभोवती एक फेरी मारते आणि चारही दिव्यांवरून तळहात फिरवते, पुढचे दोन, मागचे दोन. शिलाई झाल्यावर कापडावरून हात फिरवायची सवय आहे, तीच इथेही. फार वर्षांपूर्वी एकदा दिवे चालू राहिले होते आणि बॅटरी बसली होती. तेव्हापासून डोळ्यांवर नाही, हातावर भरवसा. एकही दिवस चुकलेला नाही. लोक हसतात, हसोत.

तीन महिन्यांपूर्वी एका इस्पितळाच्या वाहनतळात मी खांबाला घासले. खांब तिथे कशाला होता ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दारावर वीतभर ओरखडा आला, बाकी काही नाही. पण लेकाने तो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी तो आला आणि तासभर माझ्या गाडीत बसून राहिला. रेडिओ खरखरतो ना, तो बघतो म्हणाला. मला कौतुक वाटलं. रेडिओ नंतरही खरखरतच होता, पण आईपण असं असतं, मी म्हटलं बराच फरक पडला.

त्यानंतर दहा दिवसांनी बॅटरी बसली. लेक तारा घेऊन आला, त्याच्या गाडीवरून माझी सुरू करून दिली आणि म्हणाला, दिवे चालू राहिले असतील. मी म्हटलं, शक्यच नाही, मी हात फिरवला होता. तो तारा गुंडाळत राहिला. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मी नवी बॅटरी घेतली. तीही बसली. आता तर जुन्या बॅटरीवरही ढकलता येईना. लेक, सून आणि धाकटे दीर, तिघंही माझ्याशी मऊ आवाजात बोलायला लागले. सून फोनवर विचारायची, आई, गॅस बंद केलात ना? दीर म्हणायचे, वहिनी, वयाचं असतं हे, मनाला लावून घेऊ नका. माणसं आजाऱ्याशी बोलतात तो आवाज. त्या आवाजाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि खरं सांगते, मीही डगमगले. दिव्यांवरून हात फिरवून घरात यायचे, चहा टाकायचे आणि पुन्हा खाली जायचे. हात फिरवला की कालचा आठवतोय? एकदा तर तीनदा खाली गेले. पडद्याची मापं मला तोंडपाठ असायची, ती मी लिहून, पुन्हा मोजून, पुन्हा लिहायला लागले. सुईत दोरा ओवताना मनात यायचं, हेही एक दिवस विसरणार का? रात्री झोप लागेना. कुणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर किल्ली त्याच दिवशी गेली असती.

मग एका रविवारी तिघं जमून आले. लेकाच्या ऑफिसातल्या कुणाला तरी बायकोसाठी जुनी गाडी हवी होती. दीर म्हणाले, चांगल्या घरी जाईल. जणू पोरीचं स्थळ आणलं होतं. मी भांड भांड भांडले आणि शेवटी रागाच्या भरात बोलून गेले की चौथ्यांदा बॅटरी बसली तर त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः किल्ली टेबलावर ठेवीन. तिघांनीही ते वाक्य अलगद उचलून ठेवलं. मी शब्द मोडत नाही हे त्यांना माहीत आहे, तेवढाच माझा दोष.

गेल्या गुरुवारी दातांच्या दवाखान्याचे पडदे गाडीत भरले. गाडी सोमवारपासून उभी होती. किल्ली फिरवली. टक् टक् टक्. पुढे काही नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"आई, पुन्हा बॅटरी?"

मी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. तुला कसं कळलं, असं विचारलं तर तो अडखळला आणि म्हणाला, तुझ्या आवाजावरून. मी म्हटलं, मी मीटिंगमध्ये आहे, आणि फोन ठेवला. आयुष्यात मी कधी मीटिंगमध्ये नव्हते. पण डोक्यात काहीतरी खटकलं होतं आणि ते लेकाला विचारायचं नव्हतं.

आमच्या मागच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहे, गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. सगळे त्याला मीटर म्हणतात. कारण तो गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, हातातल्या मीटरचंच ऐकतो. मी चालत गेले आणि त्याला घेऊन आले. वाटेत त्याला सगळं सांगितलं, दिव्यांचं, हाताचं, वयाचं. गाडी पूर्ण बंद करून, दारं लावून, त्याने बॅटरीला मीटर जोडला आणि काटा मला दाखवला. काटा हलत होता. म्हणाला, बाई, गाडी झोपलीय पण कोणीतरी जागं आहे. मग स्टिअरिंगखालच्या खोक्यातले फ्यूज एकेक करून काढायला लागला. काढायचा, काटा बघायचा, परत बसवायचा. सातवा काढला आणि काटा पडला.

तो पाठीवर झोपून आत शिरला आणि जरा वेळाने त्याने मला बोलावलं. मी गुडघे टेकून वाकले. रेडिओच्या तारांना एक बारीक लाल तार जोडली होती आणि तिच्या टोकाला काड्यापेटीएवढी काळी डबी होती, हिरवा ठिपका लुकलुकत होता. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारं यंत्र आहे, बॅटरी उतरली तर तेही कळवतं, मीटर म्हणाला. चुकीच्या ठिकाणी जोडलंय, त्यामुळे गाडी बंद केली तरी हे बॅटरी पीत राहतं. चोराने लावलं असेल का, असं त्याने विचारलं.

मी डबी बघत नव्हते. ती लोंबू नये म्हणून दोऱ्याने बांधली होती, आणि दोरा मरून रंगाचा होता, माझ्या कपाटातल्या पडद्यांच्या रिळाचा. गाठ होती तीन वेढ्यांची, शेपूट आत ओवलेली. ती ओढून सुटत नाही, कापावी लागते. लेक नऊ वर्षांचा असताना त्याला गालफुगी झाली होती, शाळा बुडाली होती, तेव्हा माझ्याशेजारी बसवून मी त्याला ती शिकवली होती. जगात ती गाठ दोनच माणसं मारतात.

मी कात्री आणली आणि दोरा कापला.

मीटरने तार काढली, बॅटरी भरून दिली आणि संध्याकाळच्या आत दातांच्या दवाखान्यात पडदे लागले. शिडीवर मी एकदाही चाचपडले नाही. मापं मनातच होती, बरोबर आली.

रविवारी तिघं आले. लेकाने गाडी नेहमीसारखी माझ्या गाडीच्या मागे आडवी लावली. सगळे बसले. गुरुवारचं त्याने बाकीच्यांना सांगितलेलं दिसत होतं, कारण सून माझ्याकडे बघत नव्हती आणि दीर घसा साफ करत होते. मी किल्ली आणून टेबलावर ठेवली. दिरांनी सुस्कारा सोडला. मग मी किल्लीशेजारी काळी डबी ठेवली, मरून दोऱ्याचा तुकडा अजून तिला चिकटलेला.

लेक पांढराफटक पडला. दीर विचारायला लागले हे काय आहे, आणि सून नवऱ्याकडे वळून बघायला लागली. तिलाही माहीत नव्हतं. मी मीटरने सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, नवी बॅटरी, चौथ्यांदा, सगळ्यांचं कारण टेबलावर पडलं होतं. या डबीमुळे बॅटरी बसते हे लेकाला माहीत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. त्याला खरंच वाटत होतं की आई विसरते. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी ते कुठे आहेत हे आपल्याला तीन तास माहीत नव्हतं. मला ते पुन्हा नको होतं."

हे खरं होतं. बसथांब्यावरच कोसळून गेले ते, आणि आम्ही इकडे जेवायचं थांबलो होतो. पण दुःख त्याचं एकट्याचं नव्हतं, आणि त्याची किंमत मी एकटीने का द्यायची?

"मग मला विचारायचंस," मी म्हटलं. "समोर बसून सांगायचंस, आई, मला भीती वाटते. मी स्वतः तुला डबी लावू दिली असती. तू मात्र चोरून लावलीस आणि तीन महिने मी रात्री जागून विचार करत होते की माझं डोकं चाललं. सुईत दोरा ओवताना मला भीती वाटायला लागली होती. माझा स्वतःवरचा भरवसा आधी परत दे, मग किल्लीचं बोलू."

दिरांनी गिऱ्हाईक वाट बघतंय असं काहीतरी पुटपुटून पाहिलं, तर सुनेनेच त्यांना गप्प केलं. लेकाने डोळे पुसले आणि डबी उचलली. मीटरला सांगून नीट जोडून घेऊ का, म्हणजे बॅटरी बसणार नाही, असं त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. आता नाही. विचारायची वेळ होती तेव्हा विचारलं नाहीस.

किल्ली मी उचलली. चौथ्यांदा बॅटरी बसली तर देईन म्हटलं होतं, माझ्या हातून बसली तर. माझ्या हातून ती एकदाही बसली नव्हती. शब्द मोडला असं ज्याला वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावं.

"तुझी गाडी काढ," मी लेकाला सांगितलं. "मला जायचंय."

तो मुकाट्याने खाली आला. त्याची गाडी लांब, अंगण लहान, मागे शेजाऱ्याची दुचाकी. तो मागे घ्यायला लागला, आणि मी फाटकात उभी राहिले आणि दोन्ही पंजे हवेत हलवले. येऊ दे, येऊ दे. डावीकडे. अजून. थांब. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि रडवेल्या तोंडाने हसला. मला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. तेवढं झालं, राग होता तिथेच राहिला.

मग मी माझ्या गाडीत बसले. सीट माझ्या मापाची होती. किल्ली फिरवली आणि ट्रंक पहिल्या झटक्याला सुरू झाली. लेक माझ्या खिडकीशी आला, वाकला, आणि तीन महिन्यांत जे विचारायची त्याला गरज पडली नव्हती ते त्याने विचारलं.

"आई, कुठे चाललीस?"

त्याने विचारलं होतं, म्हणून मी खरं तेच सांगितलं. "अजून ठरवलं नाही," मी म्हटलं, दोन्ही तळहातांनी काच वर उचलली आणि पहिला गिअर टाकला.